चुकलेल्या डब्याचा रंग

शेडताईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. यात तक्रारीचं काही नाही, उलट फार सोयीचं असतं ते. "आमच्याकडे लग्नाला का आला नाहीत?" असा जाब विचारणारा पुढ्यात उभा राहिला तरी हिला ओशाळल्यासारखं होत नाही, कारण हा गृहस्थ कोण हेच तिला आठवत नसतं. पण त्याच गृहस्थाने "मागे हॉलला रंग नेला होता तुमच्याकडून" एवढं म्हणायचा अवकाश, हिचे डोळे लकाकतात. "फिकट पिस्ता! खिडकीच्या भिंतीला अर्धी छटा गडद. कसा बसलाय हो?" आणि मग इतक्या मायेनं चौकशी करते, की बघणाऱ्याला वाटावं, घरची लेक सासरी दिलीय आणि माहेरून खुशाली विचारतायत.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी रंगाचं दुकान आहे. पुढे मालक पेंगतात आणि मागे ही रंग मिसळते. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं ती गोष्ट सोपी. पण आमच्याकडची गिऱ्हाइकं सोपी नाहीत. कुणी पडद्याचा कोपरा कापून आणतं, कुणी फुटक्या फरशीचा तुकडा आणतं. एक नवरा बिचारा बायकोची एकच चप्पल घेऊन आला होता. "हिला हाच रंग पाहिजे म्हणते. दुसरी चप्पल तिच्या पायात आहे, लंगडत घरी फिरतेय, जरा लवकर करा." शेडताईने चप्पल उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, पांढऱ्या बेसच्या डब्यात यंत्रातून थेंब सोडले, डबा घुसळला, झाकणावर बोटानं ठिपका लावला आणि केस वाळवायच्या मशीननं तो वाळवत बसली. वाळल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला रंग दाखवतच नाही. "ओला रंग गोड बोलतो," म्हणते. "खरं काय ते वाळल्यावर सांगतो."

पन्नाशीला टेकलेली बाई, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही याच्या चौकशीत आमच्या रस्त्याच्या दोन पिढ्या दमल्या. आमच्याच जिन्यावर, आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात थोरल्या बहिणीबरोबर राहते. थोरली म्हणजे मेट्रन. इस्पितळात मेट्रन होती, निवृत्त झाली, पण ते इस्पितळाला कळलं, आम्हाला नाही. ती जिन्यावरून उतरायला लागली की माणसं नखं लपवतात. तिच्या कपड्यांची इस्त्री अशी, की वाऱ्याला पण बाजूनं जावं लागतं. नवरा ऐन तरुणपणी गेला, मूलबाळ नाही, आईबाप गेल्यावर या धाकटीला तिनेच वाढवलं, शिकवलं, आणि अजून वाढवतेच आहे. "धाकटे, जेवलीस का?" हा प्रश्न आमच्या भिंतीतून रोज ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर रोज खोटं असतं.

आमची ही कुणाच्या भिंतीला कान लावत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. ती फक्त त्या भिंतीशी बसून लसूण सोलते. आमच्याकडे लसूण जरा जास्तच लागतो.

तर शेडताई चित्रं काढते. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकली. मेट्रनने त्यासाठी गॅलरी बंद करून दिली आणि उंबऱ्यावर कायदा केला: रंग त्या बाजूला, घर या बाजूला, मध्ये पायपुसणं. चित्रं मात्र आम्हाला कळत नाहीत. नुसते रंगाचे ठिपके, पट्टे, चौकोन. मी एकदा कौतुकानं म्हटलं, "वा, काय सूर्यास्त काढलायस!" तर म्हणाली, "काका, ते आपल्या जिन्याखालचं मीटरचं खोकं आहे." तेव्हापासून मी तिच्या चित्रांसमोर नुसता मान हलवतो. हलवायची कशी, आडवी की उभी, ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचा रस्ता खणला होता. पाइप घालायचे म्हणून खणला, मग पाइप आले नाहीत म्हणून तसाच ठेवला, मग पाइप आले तर ते भलत्याच मापाचे आले. प्रत्येकाच्या दारासमोर फळी, फळीखाली खड्डा, खड्ड्यात पाणी. बेकरीवाली काकू फळीवर आली की समोरच्या बाजूची माणसं श्वास रोखून उभी राहायची. असा तो रस्ता अखेर एकदाचा बुजला, वर डांबर पडलं, आणि आम्ही सगळे इतके खूश झालो, की वाहनांना बंदी घालून दिवसभर रस्त्यातच बसलो. या खांबावरून त्या खांबावर रंगीत पताका, घराघरांतून बाहेर आलेल्या खुर्च्या, बेकरीतून ताटंच्या ताटं, आणि निवृत्त पोस्टमनांचा एक बँड, ज्याला दोनच चाली येतात आणि त्या दोन्ही एकाच वेळी येतात. लोक नाचले. वाचनालयाचे सेक्रेटरी, ज्यांनी आयुष्यात कधी पुस्तकाचं पान मोठ्यानं उलटलं नाही, ते ट्रंपेट वाजवायला मागत होते.

आणि या आनंदाच्या भरातच सेक्रेटरींना सुचलं, की या दिवसाचं चित्र वाचनालयात लागलं पाहिजे. चित्र काढणार कोण? शेडताई वर गॅलरीत कठड्यावर हनुवटी टेकून बघत उभी होतीच. खालून त्यांनी ओरडून सांगितलं, तिनं वरून मान डोलावली, झालं.

पुढचे दिवस तिचे हाल विचारू नका. दुकानात रंग घ्यायला कमी आणि सूचना द्यायला जास्त लोक यायला लागले.

"मला जरा बारीक काढ गं," बेकरीवाली काकू. "म्हणजे खोटं नको, पण लांबून बघितल्यासारखं."

"मला पान्यासकट काढ, ताई," नळदादा. आमच्या रस्त्यावरचा एकुलता एक प्लंबर. "पाइप जोडले कुणी, हे पोराबाळांना कळलं पाहिजे."

सेक्रेटरींनी आपला एक तरुणपणचा फोटो आणून दिला. "चेहरा यावरून घ्या, पोट तुम्हाला योग्य वाटेल तसं."

मीही, आता तुमच्यापासून काय लपवायचं, सहज जाता जाता माझ्या केसांबद्दल दोन शब्द बोललो.

सगळ्यांना ती "हो हो" म्हणाली. चेहरे तिच्या लक्षातच राहत नाहीत, हे त्या गडबडीत एकालाही आठवलं नाही!

चित्र उघडायचा दिवस ठरला. वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळा रस्ता गोळा. काकू तर पार्लरला जाऊन आली होती. चित्र काढून झालंय, आता त्याचा काय उपयोग, हे सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. मेट्रन पहिल्या रांगेत, ताठ. तिच्या शेजारच्या खुर्चीत घड्याळजी.

घड्याळजींची ओळख करून द्यायची राहिली. आमच्या इमारतीच्या बरोबर समोर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, मागे राहायची एक खोली. एकटा जीव. डोळ्याला भिंग लावून बसतात आणि भिंग काढल्यावरही जगाकडे तसंच बघतात, एका वेळी एक बारीक गोष्ट. इतका हळू बोलणारा माणूस, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत समोरचा घड्याळ न घेताच निघून जातो.

तर सेक्रेटरींनी कापड ओढलं. प्लायवुडची थोरली फळी, भिंतभर. आणि तिच्यावर ठिपके! लहान, मोठे, लांबट, चपटे, एकमेकांना खेटलेले, मध्येच एकटे पडलेले. मधोमध काळाभोर पट्टा, त्याच्यावर आडव्या पताकांच्या रेषा. आणि बाकी नुसते रंग.

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"सरळ लावलंय ना?" काकूने हळूच विचारलं.

सेक्रेटरी घसा साफ करत म्हणाले, "छानच आहे. म्हणजे, कल्पना... पण शेडताई, स्पष्टच सांगतो, आमच्या डोक्यावरून गेलं."

"हो तर," शेडताई प्रसन्नपणे म्हणाली, "डोक्यावरूनच काढलंय. आमच्या गॅलरीतून."

मग जो तो स्वतःला शोधायला लागला. आणि गंमत बघा, कळत नाही म्हणणारे हेच लोक, पण एकानेही बारका किंवा मळका ठिपका आपला म्हणून घेतला नाही. तो मधला तजेलदार केशरी तर एकाच वेळी तिघांचा होता. काकू आणि सेक्रेटरी एका निळ्यावरून जवळजवळ हातघाईवर आले.

"निळा मीच! मी त्या दिवशी निळ्यात होते."

"काकू, निळ्यात तुम्ही होता, पण जागा माझी आहे. बँडच्या शेजारी मी होतो."

नळदादा मात्र फळीच्या अगदी जवळ गेला, मागे आला, डोकं वाकडं केलं, आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडला, "अहो, हे तर सेक्रेटरींचं बाथरूम!"

"काय?"

"हा गुलाबी! तुमच्या बाथरूमचा गुलाबी! शॉवर बसवायला आलो होतो ना मी? आणि ही... ही काकूंची बेडरूम. भडक जांभळी. छताला पण जांभळी!" नळदादा पेटला होता. सगळ्या रस्त्याच्या घरांत आतपर्यंत शिरलेला तोच एक माणूस. "ताईंनी कपडे काढले नाहीत कुणाचे... म्हणजे, तसं नव्हे... कपड्यांचे रंग काढले नाहीत म्हणतो! ज्याच्या घरात जो रंग, तो माणूस त्या रंगाचा!"

शेडताईनं मान डोलावली. "माझ्या लक्षात तेच राहतं," ती म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"

पुढची घटका आमच्या रस्त्याच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखी. जो साधेपणावर भाषणं देतो, त्याचं बाथरूम गुलाबी! ज्याच्या तोंडून घरात बायकोपुढे ब्र निघत नाही म्हणतात, त्या शिंप्याची खोली लालबुंद! काकू जांभळी झाली, तेही छतासकट. हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी माझा ठिपका विचारला. नळदादानं कोपऱ्यात बोट दाखवलं: धड तपकिरी नाही, धड करडा नाही, असा एक गोळा. दुकानात उरलेसुरले सगळे डबे एकत्र करून जो रंग होतो, तो मी जिन्याला नेला होता. "काका," शेडताई म्हणाली, "तुमच्यात सगळ्यांचं थोडंथोडं आहे." आमची ही त्यावर इतकी हसली, की मला तिला पाणी आणून द्यावं लागलं.

आणि त्याच उत्साहात नळदादा पुढे बोलून गेला.

"आणि हे मेट्रनबाईंचं स्वयंपाकघर. हा रंग तर कुठेच नाही बघा, ओल्या विटेवर दूध सांडल्यासारखा. आणि त्याला चिकटून हा दुसरा... हा पण तोच की. हां हां, बरोबर. घड्याळजींची आतली खोली. बेसिन मीच बसवलंय ना तिथे."

मेट्रनचा चेहरा हलला नाही. "त्यात काय?" ती म्हणाली. "रंग दुकानात मिळतो. कुणीही घ्यावा."

"तो नाही मिळत," काकू म्हणाली. काकूच्या मनात काही नव्हतं हो, बाई भोळी आहे. पण भोळ्या माणसाइतकं अचूक कुणी मारत नाही. "मी मागितला होता की! शेडताई म्हणाली, तो चुकलेला डबा होता, पुन्हा होणार नाही."

हे खरं होतं. मागे कधीतरी दुकानातल्या यंत्राची एक नळी तुंबली होती. शेडताईनं बटण दाबलं, थेंब पडेना. पुन्हा दाबलं, पडेना. वैतागून चापट मारली, तेव्हा नळीनं मागचं-पुढचं सगळं एकदम ओकून टाकलं. गिऱ्हाइकाला हवा होता साधा बदामी. त्यानं त्या बादलीएवढ्या डब्यात डोकावून बघितलं आणि घाबरून निघून गेला. पण वाळल्यावर तो रंग असा काही सुरेख निघाला, की शेडताईनं पुन्हा जमवायचा खूप प्रयत्न केला. जमला नाही. किती काय पडलं ते ना यंत्राला माहीत, ना तिला. मग बादली घरी आली आणि मेट्रनने स्वतःच्या हातानं स्वयंपाकघर रंगवलं, कारण रंगाऱ्यांचे हात स्वच्छ असतात यावर तिचा विश्वास नाही. उरलेली अर्धी बादली? "वाळून गेला रंग, टाकून दिला," असं मेट्रनने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

हे सगळं प्रत्येकाच्या डोक्यात एकाच वेळी जुळलं. हॉलभर नुसते डोळे फिरत होते. मेट्रनकडे, घड्याळजींकडे, फळीवरच्या त्या दोन ठिपक्यांकडे, आणि परत. घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. कशासाठी, देव जाणे. लपायला तेवढीच जागा सापडली असेल. मेट्रन उठली, इस्त्रीची घडी सरळ केली आणि निघून गेली. तिच्या मागे शेडताई.

त्या संध्याकाळी आमच्याकडे लसणाचा ढीग लागला.

"मुद्दाम केलंस," भिंतीपलीकडून मेट्रन.

"रंग दिसला, लावला."

"कुठे दिसला? त्यांच्या आतल्या खोलीत तू कधी गेलीस?"

"गेले नाही. डांबर पडलं त्या दिवशी केक घ्यायला खाली आले, तर रस्त्यात तू त्यांच्या स्टुलावर बसली होतीस. स्टुलाच्या पायांवर आपल्या स्वयंपाकघराचे थेंब होते. ताई, तू रोलर फार भिजवतेस. आपल्या ओट्यावर पण असेच सांडले होते."

आमच्या हीनं सोललेलाच लसूण पुन्हा सोलायला घेतला.

"त्यांच्या भिंतीला ओल आली होती," मेट्रन म्हणाली. "माणूस रात्रभर खोकायचा. मी नर्स आहे."

"हो ना."

"हो ना काय? तोंड वर करून हो ना म्हणतेस? उभं आयुष्य या रस्त्यावर कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. आता बेकरीवाली पाव देताना हसेल. त्या फळीवरून तो ठिपका घालव. त्यांना दुसरा रंग दे. नाहीतर मी या घरात राहत नाही. इस्पितळाच्या निवृत्तांच्या वसतिगृहात खोली मिळते, अर्ज करून टाकते."

"कुठला देऊ?"

"कुठलाही दे. पांढरा दे."

"पांढरा म्हणजे घरात कुणी राहत नाही असं दिसतं, ताई."

"मग तसं दिसू दे!" आणि दार आपटलं.

आता चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. मेट्रन बोलते ते करते. आणि शेडताईला या जगात चेहऱ्यानिशी लक्षात राहिलेलं माणूस एकच, ही बहीण. ती गेली तर मागे राहणार गॅलरी, पायपुसणं आणि दुकानातलं यंत्र. एक ठिपका पुसायचा, एवढाच प्रश्न होता. पण तो पुसला, की मेट्रन समोरच्या दुकानाकडे पुन्हा मान वळवून बघणार नाही, हेही तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच दुकानात गेलो. मला एक खिळा हवा होता. रंगाच्या दुकानात खिळे मिळत नाहीत हे मला माहीत आहे, उगाच हसू नका. शेडताई कापडात ब्रश गुंडाळत होती, शेजारी पांढऱ्याचा छोटा डबा. चेहरा असा, की मी खिळ्याचं नावसुद्धा काढलं नाही. निघाली होती वाचनालयात, तेवढ्यात घड्याळजी आत आले.

"पांढरा द्या," ते नेहमीसारखे हळू म्हणाले. "आतल्या खोलीला. भिंतीसाठी."

शेडताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"नाही. म्हटलं, भिंतच पांढरी केली, तर मग... लोक काय बघायला येतील ते येऊ देत. काही नाही तिथे, म्हणता येईल."

"आधी प्रायमर मारावा लागेल. तो रंग चिवट आहे, खालून वर येतो."

"किती हात लागतील?"

"ते तुमच्या हातावर आहे," ती म्हणाली.

तिनं त्यांना प्रायमर दिला, पांढरा दिला, नवा रोलरही दिला. रोलर कमी भिजवायचा, हेसुद्धा समजावून सांगितलं. घड्याळजी गेले. मग हिनं स्वतःचा ब्रश कापडातून बाहेर काढला, परत बरणीत ठेवला आणि दुकानातला फोन उचलला. मालक पेंगत होते. मी दुकानातलं मीटरचं खोकं बघत असल्यासारखा उभा.

"ताई, मी आहे. नाही, अजून नाही गेले. आता चित्राला हात लावायची गरजच नाही. घड्याळजींनीच भिंत पांढरी करायला घेतलीय. हो, आता. आत्ता गेले घेऊन. दुपारपर्यंत एक हात होईल. म्हणजे मग चित्र आपोआपच चुकीचं ठरेल, तुला हवं होतं तसं... ताई? ऐकतेयस ना?"

तिनं फोन ठेवला. "कट झाला," मला म्हणाली, आणि इतक्या निरागसपणे डबे पुसायला लागली, की मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही, या बाईला काही कळत नाही की हिलाच सगळं कळतं.

मी बाहेर आलो तो मेट्रन जिन्यातून उतरत होती. घरच्या स्लिपर घालून! हाताला कणकेचं पीठ, केस कसेतरी गुंडाळलेले, आणि कपड्यांना इस्त्री नाही. आमच्या रस्त्यावर भूकंप झाला असता तरी एवढी माणसं दारात आली नसती. इस्त्रीशिवायची मेट्रन आम्ही कुणीच बघितली नव्हती. ती सरळ रस्ता ओलांडून घड्याळजींच्या दुकानात शिरली, मधलं दार ढकललं आणि ते उघडंच राहिलं. घड्याळजी स्टुलावर चढलेले, रोलर हातात, आणि त्या सुंदर भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक पांढरा पट्टा.

"खाली उतरा."

"बाई, तुमच्या नावाला..."

"खाली उतरा म्हणते ना! आधीच छातीत कफ, वर चढून बसलायत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"मला काय वाटतं ते मला विचारायचं की नाही?" तिचा आवाज आता रस्ताभर जात होता. "माझ्या हातानं लावलेला रंग आहे तो! दोन दुपारी खपले इथे मी. मला न विचारता त्याला हात कसा लावलात?"

झालं. स्वतःच्या तोंडानं, भर सकाळी, उघड्या दारात.

"म्हणजे खरंच बाईंनीच लावला!" नळदादाच्या तोंडून निसटलं.

मेट्रन गर्रकन वळली. आम्ही सगळे तिथेच, काचेला नाकं लावून. पळायला उशीर झाला होता. मला वाटलं, आता एकेकाची नखं तपासते. पण तिनं आमच्याकडे बघितलं, हाताच्या पिठाकडे बघितलं, पायातल्या स्लिपरकडे बघितलं, आणि कंबरेवर हात ठेवला.

"काय बघताय? चित्रात बघून पोट भरलं नाही का? हो, मीच लावला. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

कुणालाच नव्हतं. काकूला होतं, पण तिच्या नवऱ्यानं तिचा दंड धरला.

तेवढ्यात शेडताई ॲप्रनला हात पुसत आली. तिनं पट्टा बघितला, बोट लावून बघितलं, अजून ओला होता.

"हा भरून निघेल ना?" मेट्रनने विचारलं. एवढ्या सगळ्यात तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"नाही, ताई. तो रंग पुन्हा होत नाही. आता सगळी खोली नव्यानं करायला लागेल." तिनं बगलेतलं शेडकार्ड काढून घड्याळजींच्या कामाच्या टेबलावर, बारीक चाकांच्या आणि स्प्रिंगांच्या मध्ये ठेवलं. "निवडा. दोघांनी मिळून निवडा मात्र. मला मागाहून भांडणं नकोत."

आणि बाहेर येताना दार लावून घेतलं, आमच्या तोंडावर.

निवडायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. त्यांना फिकट हवा, हिला धुता येईल असा हवा. ती रोज दुपारी कार्ड घेऊन जायची, आता इस्त्रीच्या कपड्यांत आणि भर रस्त्यानं, आणि रोज न ठरवता परत यायची. काकू पाव देताना खरंच हसली. मेट्रनने पाव दाबून बघितला आणि "कालचा आहे," म्हणून परत केला. हसणं तिथेच आटोपलं. पुढे एका सकाळी दोघं लग्नाच्या कचेरीत जाऊन सह्या करून आले, आणि मेट्रन गेली. वसतिगृहात नाही, समोर. एक ट्रंक, एक इस्त्री आणि औषधांची पेटी. ट्रंक नळदादानं उचलली. चित्र वाचनालयात जसंच्या तसं आहे. सेक्रेटरी म्हणाले होते, दोन ठिपके आता जुने झाले, नवा रंग देऊन टाका. शेडताई म्हणाली, "त्या दिवशी होते ते हेच होते," आणि विषय संपला.

ती आता शेजारच्या बिऱ्हाडात एकटी राहते. पायपुसणं उंबऱ्यावरून हललं, रंग घरभर पसरला. पहिले काही दिवस फार गप्प होती, हे मला मान्य केलं पाहिजे; भिंतीतून काहीच येईना, तेव्हा आमची हीसुद्धा उदास झाली होती. मग एका संध्याकाळी, लोक कामावरून घरी येत होते, काकू ताटं आत घेत होती, आणि घड्याळजींच्या दुकानाचं दार उघडून मेट्रन पायरीवर आली. तोंडाभोवती दोन्ही हात धरून तिनं वर बघितलं.

"धाकटे! जेवलीस का?"

सगळा रस्ता थांबला. गॅलरीत शेडताई आली, हातात ब्रश.

"जेवले!"

"खोटं बोलू नकोस! स्वयंपाकघराची खिडकी इथून दिसते मला. दिवा लागलेला नाही!"

"अगं ताई, हळू बोल, लोक ऐकतायत!"

"ऐकू देत! खाली ये, वाढलंय!"